झडती

एकतीस वर्षं रोज संध्याकाळी
मी दोन्ही हात वर केले.
नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसच्या गेटापाशी,
दोंदे हवालदार खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत
थोपटत यायचा,
आई लेकराला थोपटते तसा,
फक्त झोप येऊ नये म्हणून.
डबा उघडा. पोळीची घडी उघडा.
पावसाळ्यात छत्रीसुद्धा.
मग म्हणायचा, "जा, गायधनी."
आणि मी जेल रोडनं सायकल मारत निघायचो,
सोबतीला तुरुंगाची लांबच लांब भिंत.
भिंत संपली की शीळ घालायचो.

नोट कधी घेतली नाही.
शाईचा वास मात्र रोज घरी आला,
भातालाही यायचा, चंद्रकला म्हणायची.
निरोपाला साहेब म्हणाले,
गायधनी म्हणजे सचोटी.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
मागच्या रांगेत दोंदे टाळ्या वाजवत होता
आणि सवयीनं माझ्या खिशाकडे बघत होता.
घड्याळ घरी नेताना वाटलं,
हे त्याच्याकडे द्यायला हवं होतं की काय.

लहानपणी आई सांगायची,
वर कढई आहे, तेल सदा उकळतं,
दुसऱ्याच्या झाडाचे पेरू तोडणाऱ्याला
उलटं धरून सोडतात.
मी विचारलं, आणि तेल संपलं तर?
तिनं पाठीत धपाटा घातला.
उत्तर म्हणून तेवढाच मिळाला.

परवा उपनगर नाक्यावर
बोडके काकूंच्या दुकानातून तूरडाळ घेतली.
सुट्ट्या पैशांत शंभराच्या दोन नोटा
एकमेकींना चिकटून एक होऊन आल्या.
काकूंना कळलं नाही.
माझ्या अंगठ्याला कळलं,
त्याची सगळी नोकरी त्यातच गेली.
मी काही बोललो नाही.
उंबऱ्याशी हात आपोआप थोडे उचलले गेले,
डाळीची पिशवी लोंबकळली,
आणि दोंदे नव्हता.

रात्री नोट पंचांगात ठेवली.
भीती वाटते का, चाचपून पाहिलं,
दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तसं.
नाही वाटली.
कढई? गार. तळाशी गंजही असेल.
तेवढ्यानं मात्र मी घाबरलो,
अंथरुणात उठून बसलो,
पाणी प्यालो.
म्हणजे एकतीस वर्षं आत कुणी नव्हतंच?
नुसतं गेट होतं?
नोट तरीही परत नेली नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
हे लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी गूळ आणायला गेलो.
पोत्यांच्या मधे हिरामण उभा होता,
सुरगाण्याकडचा, ओठावर नुकती लव फुटलेला,
दोन्ही हात वर.
काकूंचा मुलगा त्याचे खिसे उलटे करत होता.
कंगवा निघाला. एसटीचं तिकीट.
शंभर रुपये कमी भरतायत म्हणे परवापासून.
पोरानं हात ज्या उंचीवर धरले होते
ती मला पाठ होती.
कोपर जरासं वाकवायचं, म्हणजे खांदा भरून येत नाही.
मला हे कळायला दोन वर्षं लागली होती.
त्याला कुणी शिकवलं?

"नोट माझ्याकडे आहे," मी म्हणालो.
गल्ल्यापाशी चार गिऱ्हाइकं होती, चारही वळली.
काकू म्हणाल्या, "तुम्ही? प्रेसमधले ना हो तुम्ही?"
एकतीस वर्षांत पहिल्यांदा सापडलो,
तेही झडती दुसऱ्याची चालू असताना.
कान तापले. गूळ घ्यायचा राहिला.

याला चांगुलपणा म्हणायचं का, ठाऊक नाही.
असेल तर तीन दिवस तो कुठे बसला होता?
पंचांगात, नोटेशेजारी?
वरून तर आला नव्हता.
आला तो त्या कोपरातून,
एवढंच सांगता येईल.

"घरी आहे, आत्ता आणतो," म्हणून निघालो
तर हिरामणचे हात अजून वरच.
खाली घे, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं.
मी म्हटलं.
त्यानं आधी काकूंकडे पाहिलं,
मग काकूंच्या मुलाकडे,
मग माझ्याकडे, बराच वेळ.
मग एक हात घेतला.